मेजाखाली दोन चिरे

नाताळ उलटून आठ दिवस झाले.
शेजारच्या बाल्कांवातला कागदी तारा अजून कुणी उतरवला नाही,
आणि तुझे गुडघे मेजाला लागतात.

हे मेज मीच केलं, फणसाच्या फळ्यांचं,
खाण बंद पडली त्या वर्षी.
सर्व्हेची दुर्बीण कंपनीला परत केली
आणि घरी मोजायला उरलीस तू:
वय सात, उंची एकशे अठरा,
अक्षर डावीकडे कललेलं.
आई सकाळच्या फेरीबोटीनं पलीकडे, कचेरीत.
नार्व्याच्या या घरात आपण दोघं,
पोदेराचा भोंपू वाजला की शाळा भरायची.
एक उंडा, चार तुकडे.
एक तू खायचीस आणि म्हणायचीस, पाऊण.

जूनमध्ये वेळापत्रक लिहिलं होतं चार रंगांत.
नऊला गणित, दहाला मराठी,
अकराला परिसर, म्हणजे ओढ्यावरचे खेकडे.
फ्रिजवर लावलेला तो कागद
दमटपणानं कडांना वळलाय.

आता नऊला तू उठत नाहीस.
हाक मारली तर उशीखालून जो आवाज येतो
त्याची नि माझी नीट ओळख व्हायची आहे.
उंडा दिला तर म्हणतेस,
"पपा, अपूर्णांक झाले. आता नुसतं खाऊ दे."
खेकडे मोजायला येत नाहीस.
येतेस, पण एकटी, संध्याकाळी,
आणि काय पाहिलंस ते वहीत लिहून
वही उशीखाली ठेवतेस.

मी रागावलो. खोटं कशाला बोलू?
मंगळवारी तर मोठ्यानं रागावलो.
बुधवारी समीकरणाची माझी उदाहरणं तपासताना दिसलं,
सातव्या ओळीत मी उणे चिन्ह विसरलो होतो
आणि तिथं पेन्सिलीनं, अगदी बारीक,
कुणीतरी ते घालून ठेवलं होतं.
बोलली नव्हतीस तू.
जेवताना भाताखाली सुंगटं लपवत होतीस, नेहमीसारखी.

खाजनाच्या बांधावर मानशीचं दार आहे.
बाबनीकाका त्याची राखण करतात चाळीस वर्षं.
लहानपणी तू विचारलं होतंस, हे कोण उघडतं?
ते हसले. ओहोटी लागली
की आतलंच पाणी ढकलतं म्हणाले,
आपण फक्त बिजागऱ्यांना तेल घालायचं,
मध्ये ओंडका अडकला तर काढायचा.
मला तेव्हा वाटलं, उत्तर तुझ्यासाठी होतं.

काल मागच्या पडवीतून दोन चिरे आणले,
छिन्नीनं फोडून चार तुकडे केले.
तू मेज एका बाजूनं उचललंस, सहज,
मी तुकडे सरकवले, पायाखाली एकेक.
एक जरा डुगडुगतो. त्याखाली
वेळापत्रकाची घडी घातली तूच,
विचारलं नाहीस.
मीही नाही म्हणालो नाही.

मग तुझ्या अटी सांगितल्यास, बोटांवर.
गणित रात्री, जेवणानंतर.
सकाळी काहीही नाही, निदान दहापर्यंत.
भूगोल पुस्तकातून नको, भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून.
पोर्तुगीज शिकायचंय, का ते विचारू नकोस.
आणि शेवटची, खिडकीकडे बघत:
"मी सोडवताना समोर बसू नको."

तर रात्रीचे साडेनऊ झालेत
आणि मी बाहेर सोप्यावर.
आत पेन्सिल चालते, थांबते.
बराच वेळ थांबते.
माझा पाय दाराकडे निघतो,
मी तो परत आणून ठेवतो.
मांडीवर माझंच पुस्तक आहे, पुढच्या वर्षाचं बीजगणित,
तिसऱ्या पानावर अडलोय.

आई विचारते, आज काय शिकवलंस?
मी म्हणतो, हळू बोल.
आतून खोडरबराचा आवाज येतोय.